सुरतकर मराठी गानप्रेमींनो, भरूचला उतरा!

भरूचला आपण खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी घेतो आणि पुढे निघतो. पण हे पं. ओंकारनाथ ठाकूर यांचं गाव! जन्म १८९७ चा, खंभातजवळच्या जहाज गावातला. बालपण मात्र इथे, नर्मदाकाठी गरिबीत गेलं. शापूरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनी हा आवाज हेरला आणि मुलाला थेट मुंबईला धाडलं, आपल्या कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांकडे. म्हणजे गळा गुजरातचा, तालीम मराठी! (थोडा भाव खाऊ द्या.) पुढे १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवर 'वंदे मातरम्' गायलं ते यांनीच. भरूचमधलं सांस्कृतिक सभागृह त्यांच्याच नावाचं आहे. सुरतेहून रेल्वेने तासाभराची वाट. जाताना त्यांचा मालकंस जरूर ऐका.