नखाएवढ्या जागेवर दहा टन

मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून भरून निघालेल्या मालगाडीच्या एकेका चाकावर सुमारे 10 टन भार असतो. चाक रुळाला टेकतं मात्र जेमतेम नखाएवढ्या जागेत! दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. तिथे पोलादाचाच निभाव लागतो. पुढे रूळ, स्लीपर, खडी असा भार पसरत जातो, म्हणून मनमाडची माती तो सोसते.

वाघिणीतलं पेट्रोल तळासोबत बाजूंनाही रेटतं, जितकं खोल तितकं जास्त.

खरी गंमत हवेची. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब ठेवतात, तोही ब्रेक मोकळे राहावेत म्हणून! दाब उतरला की ब्रेक लागतात. वाटेत गाडी तुटून नळी सुटली, तर फुस्सकन हवा जाते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात.