माफी मागितली की डॉक्टर अडकतो?

पलूसकडचा गंभीर पेशंट सांगली-मिरजेला हलवतात. तिथे काही विपरीत घडलं, की नातेवाईक जाब विचारू लागतात आणि बरेच डॉक्टर तोंड मिटून घेतात. ‘सॉरी’ म्हटलं की केस हातची गेली, ही त्यामागची समजूत. ती अर्धीच खरी आहे.

‘माझ्या हातून चूक झाली’ हे वाक्य कबुली म्हणून पुराव्यात येऊ शकतं. ब्रिटनने 2006 मध्ये आणि हाँगकाँगने 2017 मध्ये माफीला कायद्याचं कवच दिलं. भारतात तसा कायदा नाही. मात्र कबुली हा आपल्याकडेही निर्णायक पुरावा नसतो. आणि ‘फार वाईट झालं, नेमकं काय घडलं ते सांगतो’ एवढ्यात तर कबुलीही नाही.

न्यायालय तपासतं ते उपचार. मे 1953 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी भूल न देताच जोर लावून हाड ओढलं, प्लास्टर घातलं. त्याच रात्री मुलगा गेला. रक्तात चरबीची गुठळी अडकली, असा डॉक्टरांचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाला तो पटला नाही. भूल न देता केलेल्या ओढाताणीच्या धक्क्याने मृत्यू झाला, हा निष्कर्ष 1968 मध्ये कायम राहिला. भरपाई 3,000 रुपये, तीही पंधरा वर्षं झगडून! ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा निकाल वकील आजही पुढे करतात.

दावा लागला म्हणजे बेड्या पडल्या, हाही गैरसमजच. फौजदारी गुन्ह्यासाठी हलगर्जीपणा घोर असावा लागतो आणि पोलिसांनी आधी तटस्थ वैद्यकीय मत घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ‘जेकब मॅथ्यू’ खटल्यात सांगितलं. ग्राहक आयोगात मागायची ती भरपाई. सगळ्यांनाच फुकट उपचार देणारं सरकारी रुग्णालय मात्र या आयोगाच्या कक्षेबाहेर राहतं.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी 2001 पासून चूक स्वतःहून सांगून माफी आणि भरपाई द्यायला सुरुवात केली. दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला येणारे नवे दावे 7.03 वरून 4.52 वर आले. हा नुसत्या गोड बोलण्याचा प्रताप नव्हे: केवळ माफीला संरक्षण देणाऱ्या कायद्यांमुळे दावे घटल्याचं 2019 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं नाही.

राहिले केसपेपर. ते दडवायची सोय डॉक्टरांना नाही. 2002 च्या नियमावलीनुसार मागणीनंतर 72 तासांत द्यावे लागतात. अर्ज लेखी करावा, पोच घ्यावी. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.