कळंबचा धुरळा आणि मालवणचा समुद्र

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण ही महाराष्ट्राच्या दोन टोकांची गावे आहेत. तरीही ऑक्टोबर उजाडला की दोन्हीकडे एकाच वेळी हंगाम सुरू होतो आणि त्या दोन हंगामांची गाठ पडते ती पर्यटकाच्या नाकात. पावसाळाभर बंद असलेले मालवण-तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत उतरण्याचा खेळ, पुन्हा सुरू होते, आणि त्याच आठवड्यांत कळंबच्या शिवारात सोयाबीनची मळणी चाललेली असते, थ्रेशरमधून भुसा उडत असतो, कापसाची वेचणी तोंडावर आलेली असते आणि बांधावरचे गाजरगवत फुलोऱ्यावर असते. दिवाळीच्या सुट्टीत कोकणाकडे निघालेल्या वैदर्भीय कुटुंबात एखादी तरी व्यक्ती शिंकत, नाक ओढत गाडीत बसते. तिने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरावे की नाही, हा प्रश्न धाडसाचा नसून शरीररचनेचा आणि भौतिकशास्त्राचा आहे.

कळंबच्या शिवारातील धुळीची शक्ती कमी लेखण्याजोगी नाही. सोयाबीनच्या टरफलांची धूळ माणसाच्या श्वासमार्गाला किती त्रास देऊ शकते, हे स्पेनमधील बार्सिलोना शहराने 1980च्या दशकात अनुभवले. तेथे ठरावीक दिवशी दम्याचे रुग्ण अचानक रुग्णालयांत गर्दी करीत, आणि बंदरात सोयाबीन उतरवताना उडणारी धूळ हेच त्याचे कारण असल्याचे पुढे संशोधकांनी सिद्ध केले. गाजरगवताची भारतातील नोंद 1955 साली पुण्यात झाली आणि तेथून ते देशभर पसरले. त्याचे परागकण त्वचेला जसे खाज आणतात तसेच नाकालाही चिडवतात. अशा वस्तूंना शरीराने दिलेला अवाजवी प्रतिसाद म्हणजे ॲलर्जी. त्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य बाहेर पडते, नाकाच्या आतील अस्तरातील रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजते, पातळ स्राव वाहू लागतो आणि नाक चोंदते. कोकणात पोहोचल्यावर परागकण मागे राहिले, तरी तेथील दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धूळकिडे चांगले पोसले जातात, त्यामुळे जागा बदलली म्हणजे त्रास संपला असे गृहीत धरता येत नाही.

जमिनीवर ही सूज केवळ त्रासदायक असते. पाण्याखाली तिचा अर्थ बदलतो, कारण पाणी जड असते. समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण इतका मोजला जातो आणि समुद्रात दर 10 मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. कळंबच्या चिंतामणी गणेशाचे दर्शन घेण्यासाठी भाविक पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जातात, तेव्हा कुणाच्याही कानाला काही जाणवत नाही; समुद्राचे पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक घन असल्यामुळे तेवढीच उतरण पाण्यात झाली तर मात्र कान तत्काळ तक्रार करतात. विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणण्याची पैज ज्यांनी लहानपणी लावली आहे, त्यांना कानात दाटणारी ती कळ नव्याने सांगण्याची गरज नाही.

वायूवरील दाब वाढला की त्याचे आकारमान त्याच प्रमाणात घटते, हा नियम रॉबर्ट बॉईल याने 1662 साली मांडला. त्यानुसार पृष्ठभागावरील हवा 10 मीटरवर निम्मी होते, 20 मीटरवर एक तृतीयांश, तर 30 मीटरवर एक चतुर्थांश. पहिल्या 10 मीटरांत हवेचे आकारमान अर्ध्याने घटते आणि पुढच्या 10 मीटरांत मूळच्या केवळ एक षष्ठांशाने, म्हणजे कान आणि सायनस यांच्या दृष्टीने सर्वांत कठीण पट्टा उथळ पाण्याचाच असतो. "फार खोल नाही, पाच-सहा मीटरच तर उतरायचे आहे" हे किनाऱ्यावर हमखास ऐकू येणारे आश्वासन बुडण्याच्या भीतीपुरते ठीक असले तरी चोंदलेल्या नाकाच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. 6 मीटरवरच बंदिस्त हवेचे आकारमान एक तृतीयांशाहून अधिक घटलेले असते.

शरीरातील बहुतेक भाग पाणी आणि घन ऊतींचे असल्याने दाबाने आकुंचन पावत नाहीत आणि फुप्फुसांना टाकीतून भोवतालच्या दाबाइतकीच हवा मिळत राहते. प्रश्न उरतो तो हाडांनी वेढलेल्या पोकळ्यांचा. त्यांतील पहिली पोकळी म्हणजे कानाच्या पडद्यामागचा मध्यकर्ण. त्यातून सुमारे साडेतीन सेंटिमीटर लांबीची एक नलिका नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्टाकी याच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. ही नलिका एरवी मिटलेली असते आणि गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला क्षणभर उघडतात. घाट उतरताना कानाला बसलेले दडे आवंढा गिळताच सुटतात ते यामुळेच. पाणबुड्याला हीच क्रिया जाणीवपूर्वक, पुन्हा पुन्हा आणि वेळेआधी करावी लागते: नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा रेटायची, म्हणजे ती नलिकेतून मध्यकर्णात जाते. इटालियन वैद्य वालसाल्वा याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते.

या क्रियेतील "वेळेआधी" हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरचा दाब आतल्या दाबापेक्षा सुमारे 90 मिलिमीटर पारा इतका वाढला, म्हणजे कान मोकळे न करता माणूस जेमतेम सव्वा मीटर खाली गेला, की नलिकेचे तोंड त्या दाबाने घट्ट मिटते आणि स्नायूंना ते उघडता येत नाही. त्यानंतर जोर लावणे निष्फळ तर असतेच, शिवाय धोक्याचेही असते, कारण तो जोर आंतरकर्णातील द्रवापर्यंत पोहोचून मध्यकर्ण व आंतरकर्ण यांमधील नाजूक पडदी फाटू शकते. ॲलर्जीने सुजलेल्या अस्तरामुळे नलिकेचे घशाकडचे तोंड आधीच अरुंद झालेले असते, त्यामुळे निरोगी माणसाला मिळणारी सवड अशा व्यक्तीला मिळत नाही.

सायनस म्हणजे कपाळ, गाल, डोळ्यांच्या मधला भाग आणि नाकामागील खोल हाड यांतील हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. त्या बारीक छिद्रांनी किंवा अरुंद वाटांनी नाकात उघडतात आणि, कानाच्या उलट, त्या मोकळ्या करण्याची कोणतीही खात्रीची युक्ती पाणबुड्याच्या हाती नसते. वाट उघडी असेल तर हवा आपोआप ये-जा करते, नसेल तर नाही. वाट बंद असताना खाली उतरल्यास आतील हवा आक्रसते, पोकळीत निर्वात ओढ निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी अस्तर फुगून त्यातून द्रव व रक्त पाझरते. कपाळाच्या सायनसची वाट लांब व वाकडी असल्याने पाणबुड्यांत तोच अधिक दुखावतो. भुवयांच्या वर सुई टोचल्यासारखी कळ येते. गालाच्या सायनसमध्ये हे घडले तर दुखणे वरच्या दातांत जाणवते. वर आल्यावर मास्कमध्ये रक्ताचे थेंब दिसतात. ते पाहून कुटुंबीय घाबरतात, पण त्यावेळी इजा होऊन गेलेली असते.

वर येतानाची अडचण याहून अवघड आहे. खाली जाताना वाट उघडी होती आणि पाण्याखाली असताना ती बंद झाली, तर वर येताना प्रसरण पावणाऱ्या हवेला बाहेर पडता येत नाही. खाली जाताना दुखले तर परतता येते. वर येताना दुखले तर टाकीतली हवा संपण्यापूर्वी वर यावेच लागते, मग दुखो वा न दुखो. दोन कानांतील दाब वेगवेगळ्या गतीने मोकळा झाला तर पाण्याखालीच गरगरते, आणि नवख्या माणसाला वर कोणते व खाली कोणते हे समजेनासे होते.

वर येताना हवा आत कोंडण्याची परिस्थिती अनेकदा औषधामुळेच ओढवते. ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिन असलेले नाकाचे थेंब रक्तवाहिन्या आकसवून काही मिनिटांत नाक मोकळे करतात, म्हणून बोटीवर चढण्यापूर्वी ते घालण्याचा मोह होतो. परंतु त्यांचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर सूज परत येऊन हवा आत कोंडली जाते. सलग काही दिवस वापरल्यास हेच थेंब स्वतः नाक चोंदवू लागतात. सर्दीच्या अनेक जुन्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिनने झोप येते आणि पाण्याखाली सावधपणा कमी होणे परवडणारे नसते. ज्या फवाऱ्याने ॲलर्जीची सूज मुळातून उतरते, तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा, उदाहरणार्थ फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, लगेच काम करीत नाही. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात. म्हणजे सहलीची तयारी सामान भरण्याच्या दिवशी सुरू करून चालत नाही. कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची जलनेतीची रीत येथे खरोखर उपयोगी आहे, मात्र पाणी उकळून निववलेलेच हवे.

कळंबच्या माणसाला जवळ पडणारी तज्ज्ञसेवा म्हणजे यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था. वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे 2024च्या फेब्रुवारीत उद्घाटन झाल्याने वर्ध्याकडे जाणे तुलनेने सोपे झाले आहे. तेथील कान-नाक-घसा तज्ज्ञाला "सर्दी आहे का?" एवढेच न विचारता "गिळताना दोन्ही कानांचे पडदे हलतात का, नाकाचा मधला पडदा वाकडा आहे का, आत मोड आहेत का?" असे विचारले तर उत्तर उपयोगी मिळते. ॲलर्जीबरोबर दमा असेल तर हा प्रश्न कान-नाकापुरता राहत नाही. आकसलेल्या श्वासनलिकेमागे अडकलेली हवा वर येताना फुगून फुप्फुस फाडू शकते आणि हवेचे बुडबुडे रक्तातून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. ती जोखीम थेट जिवाची असते.

डायव्हिंगपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक प्रश्नावलीत सायनस, कान, दमा यांची विचारणा असते, आणि तेथेच बहुतेक घोटाळा होतो. वर्षानुवर्षे ॲलर्जी असलेली व्यक्ती चोंदलेल्या नाकाला आजार मानीतच नाही. ताप नाही, अंगदुखी नाही, नाक तर बारा महिने असेच असते, मग "नाही" या रकान्यात खूण केली जाते. त्यात खोटेपणा नसतो, सवय असते. राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला आल्यावर, पैसे भरल्यावर आणि मुले उत्साहात असताना माघार घेणे जड जाते, हेही खरे. म्हणून डायव्हिंग सहलीच्या पहिल्या दिवशी न ठेवता हाती दोन दिवस राखणे हा कोणत्याही औषधाहून शहाणा उपाय ठरतो. डायव्हिंगच्या दिवशी सकाळी आवंढा गिळताना दोन्ही कानांत बारीक टिक असा आवाज येतो का, हे पाहावे. एका जरी कानात तो येत नसेल तर त्या दिवशी बोटीवरून समुद्र पाहणे पुरेसे आहे.

पाण्यात उतरल्यावर पाय खाली ठेवून, दोर धरून, दर अर्ध्या मीटरला दुखण्याआधीच कान मोकळे करावे लागतात. अडले तर थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा, दुसऱ्यांदाही अडले तर थांबावे. मार्गदर्शकाला हे कळवण्याची खूण म्हणजे पंजा आडवा धरून डुलवणे आणि मग बोटाने कान दाखवणे. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ "उत्तम" असा होत नाही, "वर चला" असा होतो, आणि घाबरलेल्या नवशिक्यांचा याच ठिकाणी गोंधळ उडतो.

इजा झालीच, तर घरी परतल्यावर होणारा पहिला उपचार बहुधा चुकीचा असतो: कानात कोमट तेल सोडणे. पडदा फाटला असेल तर तेल मध्यकर्णात जाऊन जंतुसंसर्गाला वाट करून देते. कान कोरडा ठेवणे, नाक जोराने न शिंकरणे आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत पुन्हा पाण्यात न उतरणे एवढे पाळले तर पडद्याचे लहान छिद्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरते. मात्र डायव्हिंगनंतर चक्कर थांबत नसेल, कानात सतत शिटी वाजत असेल किंवा एका कानाने ऐकू येणे एकाएकी कमी झाले असेल, तर ते साधे दडे नसून आंतरकर्णाची इजा असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी परतीची गाडी पकडून कळंबला येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी कोकणातीलच कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे लागते.