लॅक्स्टन : बिनकुंपणाच्या शेतांचे गाव

लॅक्स्टन हे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील, ऑलर्टन आणि टक्सफर्ड यांच्या दरम्यानचे लहानसे शेतकरी गाव. मध्ययुगात इंग्लंडच्या मध्यभागातील बहुतेक गावे ‘खुल्या शिवारा’च्या पद्धतीने जमीन कसत. ती पद्धत, तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या न्यायसभेसह, आजही चालू आहे ती याच गावात.

गावाची नोंद 1086 च्या ‘डूम्सडे बुक’मध्ये आढळते. नॉर्मन राजवटीत गावाच्या उत्तरेस मातीचा उंच ढिगारा रचून, भोवती खंदक खणून किल्ला उभारण्यात आला. शेरवुड या राजवनाचे वंशपरंपरागत रखवालदार येथे राहत. किल्ल्याचे आता ढिगारा आणि खंदकच उरले आहेत. गावातील सेंट मायकेलचे चर्चही मध्ययुगीन असून एकोणिसाव्या शतकात त्याची मोठी डागडुजी झाली.

गावाची खरी ओळख म्हणजे वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन शिवारे. प्रत्येक शिवार लांबट पट्ट्यांत विभागलेले असून पट्ट्यांमध्ये कुंपण नसते. एका शेतकऱ्याच्या पट्ट्या सलग नसतात, तिन्ही शिवारांत विखुरलेल्या असतात. त्यामुळे कसदार आणि हलकी, कोरडी आणि पाणथळ अशी सगळ्या प्रकारची जमीन सर्वांच्या वाट्याला येते. पिकांचा फेर तीन वर्षांचा असतो : एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायचे पीक आणि तिसरे पड. पूर्वी पडीच्या शिवारात गावाची गुरे चरत आणि त्यांच्या शेणामुतावर पुढच्या गव्हाची जमीन तयार होई. जमीन चहूकडे पसरलेली असल्याने शेतकऱ्यांची घरे व कोठारे आजही गावच्या रस्त्यालगतच आहेत.

सर विल्यम कोर्टन या लंडनच्या व्यापाऱ्याने गावाची जमीनदारी घेतल्यावर 1635 मध्ये मार्क पिअर्स याच्याकडून गावाची मोजणी करून घेतली. तेव्हाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात दोन हजारांहून अधिक पट्ट्या दाखवल्या असून नांगरणी, कापणी करणारी माणसेही चितारलेली आहेत.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेच्या कायद्यांनी देशभरातील खुली शिवारे मोडली गेली. जमिनींचे एकत्रीकरण होऊन भोवती झुडपांची कुंपणे आली. लॅक्स्टनचाही काही भाग बंदिस्त झाला, पण मधली शिवारे वाचली. जमिनीची मालकी दोन मोठ्या घराण्यांत वाटलेली होती आणि त्यांच्यात अदलाबदलीवर एकमत होत नव्हते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी लहान पट्ट्या जोडून मोठ्या करण्यात आल्या आणि त्यांची संख्या बरीच घटली. चार्ल्स आणि क्रिस्टाबेल ऑरविन या दांपत्याच्या 1938 मधील ‘द ओपन फील्ड्स’ या ग्रंथामुळे गाव अभ्यासकांच्या नजरेत आले.

कुंपण नसलेल्या शेतात बांध कोरणाऱ्याला आवर घालावा लागतो. ते काम ‘कोर्ट लीट’ ही न्यायसभा करते. नोव्हेंबरअखेरीस शेतकऱ्यांमधून निवडलेली ज्यूरी गव्हाच्या शिवारात फिरते, सीमा तपासते आणि लाकडी खुंट ठोकते. सामाईक वाट किंवा गवताची पट्टी कोणी नांगरली असेल, तर त्याची नोंद होते. पुढे डव्हकोट इन या गावच्या खानावळीत जमीनदाराच्या कारभाऱ्यासमोर सभा भरते, दंड ठरतो आणि पुढील वर्षाच्या ज्यूरीला शपथ दिली जाते. भटक्या गुरांसाठी पूर्वी कोंडवाडा आणि त्याचा राखणदारही असे. इतरत्र अशा सभांचे न्यायाधिकार 1977 च्या कायद्याने संपले. लॅक्स्टनचे मात्र राखण्यात आले.

शिवारांतील सखल, नांगराखाली न येणाऱ्या गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. त्यांवरील गवत कापण्याच्या हक्काचा दरवर्षी लिलाव होतो. या पट्ट्या नांगरल्या जात नसल्याने त्यांवर अनेक जातींची रानफुले टिकून आहेत.

मालकी मात्र बदलत गेली. थोर्सबी येथील मॅन्व्हर्स घराण्याकडून 1952 मध्ये गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाकडे आले, 1981 मध्ये राजमालमत्तेच्या प्रशासनाकडे गेले आणि 2020 मध्ये पुन्हा थोर्सबी इस्टेटकडे आले. या सर्व काळात शिवारे कुळेच कसत राहिली आणि खुंट ठोकण्याचे काम त्यांच्यातल्याच ज्यूरीकडे राहिले.