पाचशे कोटींत एक

माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी असतात सुमारे ५०० कोटी. सगळ्या पृथ्वीवर माणसे आहेत ८०० कोटींच्या थोडी वर. म्हणजे पंधरा-वीस थेंबांत निम्म्याहून अधिक जगाची वस्ती. आता एखाद्या रुग्णाच्या रक्तात जिवाणू शिरले आहेत, अंग तापाने फणफणले आहे, रक्तदाब ढासळतो आहे. त्याच्या तेवढ्याच रक्तात जिवाणू किती सापडावेत? मोठ्या माणसात पुष्कळदा एक. कधी पाच-दहा, कधी एकही नाही. पाच लिटर रक्ताच्या सबंध शरीरात मिळून पाचेक हजार जिवाणू आणि तेवढ्यावर माणूस आयसीयूत.

पाचशे कोटींतला हा एक डोळ्याने शोधायचा म्हटले तर सूक्ष्मदर्शकापाशी जन्म जाईल. म्हणून प्रयोगशाळा त्याला शोधत नाही, वाढवते. रुग्णाच्या शिरेतून दहा मिलिलिटर रक्त काढून पोषक द्रावणाच्या बाटलीत सोडतात आणि बाटली शरीराइतक्या उबेत मशीनमध्ये ठेवतात. यालाच रुग्णालयात सगळे ‘ब्लड कल्चर’ म्हणतात. समजा बाटलीत दहा जिवाणू गेले. ई. कोलाय या जिवाणूला सगळे मनासारखे मिळाले की तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. सव्वीस वेळा दुप्पट झाला की दहाचे ६७ कोटी होतात, आणि त्याला लागतात पावणेनऊ तासांच्या आतबाहेर. प्रत्यक्षात दहा-चौदा तास धरावेत. एवढे जिवाणू जमले की त्यांच्या कार्बन डायऑक्साइडमुळे बाटलीच्या बुडाचा रंग पालटतो, दर काही मिनिटांनी तो तपासणारे मशीन इशारा देते आणि ‘बाटली पॉझिटिव्ह आली’ असा फोन वॉर्डात जातो.

फोन आला म्हणून काम संपत नाही. जिवाणू कोणत्या जातीचा आणि कोणत्या औषधाला दाद देतो, हे सांगणारा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट यायला रक्त काढल्यापासून दोन-तीन दिवस जातात. तेवढा वेळ रुग्णापाशी नसतो. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे संसर्गाने रक्तदाब ढासळलेल्या, रुग्णांवरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिल्या सहा तासांत योग्य प्रतिजैविकाला होणाऱ्या दर तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेलेली दिसली. डॉक्टर म्हणूनच रिपोर्टची वाट पाहत नाहीत, अंदाजाने औषध सुरू करतात. तो अंदाज येतो मागच्या रुग्णांच्या बाटल्यांमधून. गेल्या वर्षी याच रुग्णालयात क्लेबसिएला नावाचा जिवाणू किती जणांच्या रक्तात निघाला, त्यातल्या किती वेळा कोणते औषध चालले, याचा तक्ता प्रयोगशाळा काढते. त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. त्याचे नियम कडक आहेत. एका रुग्णात तोच जिवाणू दहादा निघाला तरी पहिलाच धरायचा आणि एका जातीचे निदान तीस नमुने असल्याशिवाय टक्केवारी काढायची नाही. असे तक्ते देशभरातून एकत्र करण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०१३ साली जाळे उभे केले. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्यात आहेत. इमिपेनेम हे राखून ठेवण्याच्या औषधांपैकी एक. या जाळ्याच्या नोंदींत २०१७ साली क्लेबसिएला न्यूमोनीच्या शंभरातल्या ५८-५९ नमुन्यांवर ते चालत होते. २०२३ साली तेच ३५-३६ वर आले. नाणे उडवले तर छाप पडण्याची शक्यताही याहून जास्त असते.

हा झाला प्रतिकाराचा हिशेब. रक्तातला संसर्ग मुळात रुग्णालयातच किती जणांना होतो, हा हिशेब याहून अवघड आहे आणि मला खरी दाद द्यावीशी वाटते ती या मोजणीला. आयसीयूतल्या रुग्णाच्या मानेतून किंवा गळपट्टीच्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घालतात, ती सेंट्रल लाइन. औषधे तिच्यातून थेट हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत जातात आणि जिवाणूंनाही तोच रस्ता मिळतो. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने या संसर्गाची पाहणी चालते. मे २०१७ ते एप्रिल २०२४ या सात वर्षांची तिची मोजणी ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली आहे. ५४ रुग्णालये, २०० आयसीयू, लाइनमुळे रक्तात पोचलेले ८,६२९ संसर्ग.

८,६२९ हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. जास्त की कमी? कशाच्या मानाने? म्हणून खाली छेद हवा आणि तो छेद म्हणजे ‘लाइन-दिवस’. रोज ठरल्या वेळी आयसीयूतली एक सिस्टर खाटांवरून फिरते आणि आज किती रुग्ण आहेत, त्यांतल्या किती जणांना लाइन आहे, हे दोन आकडे लिहिते. रविवारी लिहिते, दिवाळीत लिहिते, करोनाच्या लाटेत पीपीई किटमध्ये घामाघूम होऊनही हे लिहायचेच होते. अशा नोंदींची बेरीज झाली ९,७७,०५२ लाइन-दिवस. एकाच माणसाला एकच लाइन सलग एवढे दिवस ठेवायची म्हटली तर २,६७५ वर्षे लागतील, म्हणजे ती गौतम बुद्धाच्या जन्माआधी घालावी लागली असती. आणि लाइन असो वा नसो, रुग्णांनी आयसीयूत काढलेले एकूण दिवस ३६,३२,५८६. ही झाली जवळजवळ दहा हजार वर्षे, एकेक दिवस खूण करून मोजलेली.

आता भागाकार करता येतो. दर हजार लाइन-दिवसांमागे ८.८३ संसर्ग. दहा खाटांचा आयसीयू, दहाही जणांना लाइन, तर साधारण दर अकरा दिवसांनी एकाच्या रक्तात जिवाणू. अमेरिकेत हा दर हजारी एकाच्या आसपास असतो.

अंशही फुकट मिळत नाही. लाइन दोन दिवसांहून जास्त काळ असली तरच संसर्ग तिच्या माथी मारायचा. बाटलीत त्वचेवरचा नेहमीचा जिवाणू निघाला तर वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन कल्चरांत तो सापडला पाहिजे, नाहीतर सुईबरोबर कातडीवरून आला म्हणून सोडून द्यायचा. न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गातून रक्तात गेला असेल तर तो खात्यावर घ्यायचा नाही. एकेका नोंदीमागे कोणीतरी केसपेपर चाळत बसलेले असते.

इतके करूनही हाती येते ते फक्त ज्यांची बाटली भरली गेली त्यांचे चित्र. प्रौढांमध्ये चोवीस तासांत घेतलेल्या एका कल्चर-संचात, म्हणजे एका वेळी भरलेल्या बाटल्यांत, रक्तातले ७३ टक्के संसर्ग सापडतात, दोन संचांत ९० टक्के, तिसऱ्याने ९८. आपल्याकडे अनेक ठिकाणी एकच बाटली जाते, तीही अर्धी भरलेली आणि रुग्ण बाहेरून दोन-तीन प्रतिजैविके घेऊन आल्यानंतर. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान १३,५३० नवजात बाळांवर लक्ष ठेवले गेले. त्यांतल्या १,९३४ बाळांना सेप्सिस झाल्याचे निदान झाले, पण बाटलीने साक्ष दिली ती ८४० वेळाच. बाकीच्या हजाराहून अधिक बाळांच्या आजाराला जिवाणूचे नाव नाही, त्यामुळे प्रतिकाराच्या तक्त्यातही ती नाहीत.

जागतिक आकडे याच पायावर उभे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली दिलेल्या अहवालानुसार २०२३ मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणूसंसर्गांपैकी सहातला एक प्रतिकारक्षम होता. भारत ज्यात येतो त्या आग्नेय आशिया विभागात तिनातला एक. हा अहवाल २ कोटी ३० लाखांहून अधिक नोंदींवर बेतला आहे, पण नोंद होते ती प्रयोगशाळा असेल तिथली. जिथे पहिले औषध हरल्यावरच कल्चर पाठवतात, तिथे प्रतिकार आहे त्याहून भयानक दिसतो. जिथे कल्चर पाठवतच नाहीत, तिथे तो दिसतच नाही. २०१९ साली भारतात थेट प्रतिकारामुळे २,९७,००० मृत्यू झाले, असा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे पावणेदोन मिनिटांना एक. पण तो गणिती प्रारूपाने काढलेला आहे, कारण मोजलेले मृत्यू कोणापाशीच नाहीत.

म्हणून एखाद्या रुग्णालयाने ‘आमच्याकडे रक्तसंसर्ग शून्य’ असा फलक लावला, तर खाली छेद किती आणि हजार रुग्ण-दिवसांमागे बाटल्या किती पाठवल्या, हे मी आधी विचारेन. शून्य खरेही असू शकते. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या १०३ आयसीयूंनी २००४ पासून पाच साध्या गोष्टी काटेकोर केल्या. हात धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, लाइन घालताना रुग्ण नखशिखांत निर्जंतुक कापडाने झाकणे, शक्यतो जांघेतली शीर टाळणे आणि गरज संपली की लाइन काढणे. डॉक्टर यातले काही चुकले तर नर्सने त्यांना थांबवायचे. हजारी संसर्गाचा मध्यक २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला. या शून्याच्या अभ्यासाला ३,७५,७५७ लाइन-दिवसांचा छेद आहे.

यातल्या पाचव्या गोष्टीत मोजणाऱ्यासाठी एक गंमत दडलेली आहे. नको असलेल्या लाइन रोज काढल्या की सगळ्यात सुरक्षित रुग्णांच्या लाइन आधी निघतात. उरतात त्या अत्यवस्थ रुग्णांच्या. छेद अंशापेक्षा वेगाने आकसतो आणि संसर्ग कमी होऊनही हजारी दर वाढलेला दिसू शकतो. म्हणूनच सिस्टर रोज एक नव्हे, दोन आकडे लिहिते. भारतातल्या त्या ५४ रुग्णालयांत शंभर रुग्ण-दिवसांतले सुमारे २७ दिवस लाइन होती. तेच ८,६२९ संसर्ग रुग्ण-दिवसांच्या छेदावर घेतले तर दर येतो हजारी २.३८. उद्या काम सुधारत गेले, तर आधी उतरताना दिसेल तो हा दुसरा आकडा. पहिला कदाचित काही काळ वरच जाईल.