लक्ष्मणाच्या जागी तुम्ही असता तर?

व्हिडिओ गेम म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोळीबार येतो, नाहीतर भरधाव पळणाऱ्या गाड्या. त्या खेळांबद्दल मी आज बोलणार नाही. खेळांची आणखी एक जात आहे, कथाप्रधान खेळांची. पडद्यावर सिनेमासारखी एक गोष्ट चाललेली असते आणि मधेच ती तुमच्यासाठी थांबते. खाली दोन-तीन ओळी उमटतात. खरं सांगायचं की खोटं? दार उघडायचं की नाही? तुम्ही जे निवडाल त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. आमच्या अंबडला औद्योगिक वसाहतीत पाळी करून आलेली तरुण मुलं रात्री हे खेळ खेळतात आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर चहा पिता पिता त्यावर हमरीतुमरीवर येतात. ‘तू त्याला सोडलंस? मी नसता सोडला!’ गावातल्या एखाद्या खऱ्या माणसाबद्दल बोलावं, तसं हे बोलणं चालतं. ते ऐकताना मला एक प्रश्न पडत गेला. खेळणाऱ्याला निवड दिली म्हणजे गोष्ट चांगली होतेच असं नाही. मग कोणती निवड दिली की ती चांगली होते?

खेळ आणि गोष्ट यांची सांगड आपल्याला नवी नाही. मोक्षपट घ्या. परंपरेने तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला आहे. सद्गुणाच्या घरात शिडी, दुर्गुणाच्या घरात साप आणि सर्वांत वर मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातला खेळ इंग्लंडात गेला, तिथल्या मुलांचा झाला आणि सापशिडी म्हणून आपल्याकडे परत आला. मोक्षपटात अख्ख्या आयुष्याची गोष्ट आहे, पण निवड अजिबात नाही. कवड्या पडतील तसं जायचं. क्रोधाच्या घरात सापाने गिळलं तरी तो क्रोध तुम्ही केलेला नसतो. याउलट सारीपाट. तिथेही दान नशिबाचंच, पण कोणती सोंगटी चालवायची आणि कोणती मागे ठेवायची हे तुमच्या हाती. म्हणून सारीपाटात माणसं हरली की स्वतःवर चिडतात. सापशिडीत फार तर फाशावर चिडतात.

आता निवडीचं म्हणाल, तर जितके जास्त फाटे तितकी गोष्ट श्रीमंत, असा पुष्कळांचा समज असतो. खेळांच्या जाहिरातीही त्याला खतपाणी घालतात : इतके शेवट, तितके शेवट! पण जरा हिशेब करून पाहा. प्रत्येक वळणावर दोनच रस्ते ठेवले आणि अशी दहा वळणं घेतली, तर १,०२४ वेगवेगळ्या गोष्टी होतात. वीस वळणं घेतली तर दहा लाखांच्या वर. एवढं लिहायला कोणता लेखक पुरेल? म्हणून बहुतेक खेळांत रस्ते फुटतात आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा एक होतात. अंबडहून पंचवटीला जायचं तर तुम्ही पाथर्डी फाट्यावरून महामार्गाने मुंबई नाक्याला या, नाहीतर त्रिमूर्ती चौकातून सिडको ओलांडून या. पोहोचायचं गोदावरीवरच. फरक इतकाच, की वाटेत कोण भेटलं याची खेळ नोंद ठेवतो. अमक्याशी तुम्ही खोटं बोललात, तमक्याला पैसे दिलेत. ही नोंद दोन-तीन तासांनी कुणाच्या तरी तोंडून बाहेर पडते. लेखकाची खरी करामत त्या नोंदीत असते, फाट्यांच्या संख्येत नसते.

पंचवटीचं नाव निघालंच आहे, तर तिथेच थोडं थांबू. सीतागुंफेत वाकून, अंग चोरून उतरणाऱ्या यात्रेकरूंना त्या जागेची गोष्ट पाठ असते. समजा, त्या गोष्टीचा कुणी खेळ केला, तर खेळणाऱ्याच्या हाती कोणतं पात्र द्यावं? पुष्कळजण म्हणतील, रामाचं. मी लक्ष्मणाचं देईन. सुवर्णमृग दिसतो तेव्हा हा मारीच असावा, हे लक्ष्मण आधीच बोलून दाखवतो. राम त्याला सीतेजवळ राहायची आज्ञा देऊन जातो. मग रानातून रामाच्या आवाजात टाहो ऐकू येतो. लक्ष्मणाला जवळजवळ खात्री आहे, की ही राक्षसी माया आहे. पण सिद्ध कसं करणार? सीता ‘जा’ म्हणते. तो जात नाही, तेव्हा ती त्याच्या हेतूवरच संशय घेते. आता निवडा. राहिलात तर भावाची आज्ञा पाळली, पण तो खरोखर संकटात असेल तर? आणि जिच्या रक्षणासाठी राहायचं, तिच्याच नजरेतून तुम्ही उतरलेले. गेलात तर आज्ञा मोडली आणि ती एकटी पडली. (जाता जाता सांगतो, लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, ती नंतरची भर. मला ती लक्ष्मणाची सोय वाटते. रेषा मारली, की जाणाऱ्याला थोडं तरी समाधान. वाल्मीकींनी त्याला तेवढंही दिलेलं नाही.)

या एका प्रसंगात माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे. दोन्हीकडे काहीतरी खरं गमवायचं आहे. माहिती इतकी आहे, की ‘मला काय ठाऊक!’ असं म्हणून हात झटकता येत नाहीत, आणि इतकी कमी आहे, की निर्धास्तही होता येत नाही. शिवाय विचार करायला वेळ नाही.

मोठमोठे खेळ नेमके इथेच घसरतात. २००७ साली ‘बायोशॉक’ नावाचा फार गाजलेला खेळ आला. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या एका शहरात तुम्हाला लहान मुली भेटतात. त्यांच्या अंगात एक मौल्यवान द्रव्य असतं. मुलीचा बळी देऊन ते सगळं घ्यायचं, की तिला वाचवून निम्म्यावर भागवायचं? ऐकताना अंगावर काटा येतो. पण खेळ बनवणाऱ्यांनी सोय अशी केली, की मुलींना वाचवत गेलात तर अधूनमधून भेट म्हणून पुष्कळ काही मिळतं आणि शेवटी फारसा तोटा होतच नाही. त्यागाची भरपाई मिळणार हे एकदा कळलं, की तो त्याग राहत नाही, मुदत ठेव होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘मास इफेक्ट’ मालिकेत निराळाच घोटाळा आहे. तिथे सज्जनपणाचे निळे गुण आणि दांडगाईचे लाल गुण मिळतात, आणि एका रंगाचे गुण भरपूर साठले तरच काही खास संवाद उघडतात. परिणाम असा, की खेळणारा पहिल्या तासातच ‘मी निळा’ असं ठरवून टाकतो आणि पुढे प्रत्येक वेळी प्रसंग न पाहता रंग पाहतो. गोष्ट उत्तम आहे, पात्रं लोभस आहेत, पण निवड मात्र परीक्षेतल्या गुणांसारखी झाली.

क्षुल्लक निवडीही असतात. २०१८ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘बँडरस्नॅच’ या चित्रपटात प्रेक्षकाला पहिली निवड मिळते, ती नायकाने न्याहारीला काय खावं याची. हाताला सवय लागण्यापुरतं ते ठीक आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे २०१२ सालचा ‘द वॉकिंग डेड’. जग उद्ध्वस्त झालं आहे, प्रेतं उठून चालताहेत. ली नावाचा माणूस क्लेमेंटाइन या अनाथासारख्या झालेल्या लहान मुलीला सांभाळतो आहे. आपण ली. एका रात्री उपाशी टोळीला रस्त्यावर एक बेवारस गाडी सापडते, अन्नाने भरलेली. मालक मेला असेल, नाहीतर जवळपास असेल. घ्यायचं का? तुम्ही ‘नाही’ म्हणालात तरी बाकीचे घेतातच. गोष्ट एक इंचही हलत नाही. पण ती मुलगी बघत असते. महत्त्वाच्या प्रसंगी या खेळात कोपऱ्यात एक ओळ उमटते : क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवेल. पुढे तीन प्रकरणांनंतर, आपण ते सारं विसरलेलो असताना, त्या गाडीचा मालक समोर येऊन बसतो आणि लीला एकेका गोष्टीचा जाब विचारतो. शेवट तर कुणालाच चुकवता येत नाही. ली वाचत नाही, तुम्ही काहीही निवडा. असं असून हा खेळ संपवून रडलेली माणसं जगभर आहेत. फाटे इतके थोडे असूनही प्रत्येकाला ती गोष्ट आपलीच वाटली, कारण ली कसा मेला यापेक्षा त्या मुलीने त्याच्याकडून काय उचललं, हा तिचा खरा विषय होता.

आमच्या कामगार वस्तीला सर्वांत जवळचा वाटावा असा खेळ मात्र आहे ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप या एकट्या माणसाने तो बनवला आणि २०१३ साली आणला. चित्रं ओबडधोबड. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे कारकून आहात. मजुरी नगावर : योग्य तपासलेल्या माणसामागे पाच नाणी. संध्याकाळी घरभाडं, अन्न आणि शेकोटी यांचा हिशेब. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. कुणीतरी आजारी पडतंच. अशात एक गृहस्थ येतो, त्याचे कागद चोख. जाताना सांगतो, मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी जरा चांगलं वागा. ती येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. परत पाठवलं तर आपला जीव जाईल, असं ती म्हणते. शिक्का तुमच्या हातात. आत सोडलंत तर वरून ताकीद येते. दिवसातल्या पहिल्या दोन ताकिदी माफ असतात, तिसरीपासून पगार कापला जातो. म्हणजे दया करायची मुभा आहे, पण मोजून. आज तिला सोडलंत, तर पुढे घाईत दोन चुका झाल्या की घरची शेकोटी विझणार. इथे कुणी निळे गुण देत नाही. वर रांग आहे आणि घड्याळ चालू आहे. नगावर मजुरी घेतलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही.

निवड अजिबात नको, असंही काही गोष्टींना साजतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला ‘राजी’ पाहा. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली बहीण आणि वरून तिच्यावर आपसांत बोलणारे दुर्गा व विष्णू. कथेचा रस्ता एकच आहे. तिथे फाटे फोडले असते तर ती पुराणकथेची चाल बिघडली असती. राजी भावाला शोधायचं सोडून देईल का, हा प्रश्नच मुळी त्या गोष्टीत नाही.

आता कल्पनेने एक खेळ अंबडलाच मांडून पाहू. तुम्ही प्रेस शॉपमधले जुने ऑपरेटर. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे हात डायमध्ये राहण्याची शक्यताच नको. यात वेळ जातो. संध्याकाळी माल गेलाच पाहिजे म्हणून सुपरवायझर घाईवर आला आहे. एक बटण टेप लावून दाबून ठेवलं, की एक हात मोकळा होतो आणि नग वाढतात. तुम्ही कंत्राटी आहात, मुलीची फी भरायची आहे. शेजारी खानदेशातून आलेला नवा हेल्पर उभा, आज त्याचा पहिला दिवस. टेप लावायची का?

हा खेळ बिघडवायचा एक हमखास मार्ग आहे : टेप लावली की लगेच बोट तुटलेलं दाखवायचं. मग ते चार मार्चच्या सुरक्षा दिनाचं पोस्टर होईल. प्रत्यक्षात शंभरदा टेप लावली तरी शंभरदा काही होत नाही, आणि म्हणूनच माणसं ती लावत राहतात. खेळानेही काही होऊ देऊ नये. नग जास्त निघावेत, सुपरवायझरने पाठ थोपटावी, मुलीची फी भरली जावी. टेप न लावणाऱ्याचं टार्गेट चुकावं आणि त्याला दोन शब्द ऐकावे लागावेत. दोघांच्याही बाजूला तो हेल्पर काही न बोलता डबे भरत राहावा.

आणखी एक बंधन घालावं. मागे जाऊन निवड बदलायची सोय नसावी. खेळणारे लबाड असतात. वाईट झालं, की जुन्या जागेवरून पुन्हा सुरू करतात. टोबी फॉक्सच्या ‘अंडरटेल’ने (२०१५) या लबाडीवर छान तोड काढली. तुम्ही एखाद्याला मारून, पस्तावून, मागे जाऊन वाचवलंत, तरी आधी काय केलं होतंत हे त्यातलं एक पात्र तुम्हाला तोंडावर ऐकवतं. आपल्या प्रेस शॉपमध्ये इतकं जादूचं काही नको, पाळीचा भोंगा झाला की तो दिवस संपला, एवढं पुरे.

शेवटच्या प्रसंगात तुम्हाला दुसऱ्या पाळीत बदलतात. तुमच्या प्रेसवर आता तो हेल्पर उभा आहे, तो ऑपरेटर झाला आहे आणि त्याच्यावरही टार्गेट आहे. डबा घेऊन गेटकडे जाताना तुम्ही त्याच्या मागून जाता. तो वळून हसतो. त्याच्या डाव्या हाताशी असलेलं बटण मोकळं आहे की टेपखाली, हे पहिल्या दिवशी त्याने तुमच्याकडे पाहिलं तेव्हाच ठरलेलं असतं.