विश्लेषण : अमेरिकेला सर्वाधिक कृष्णवर्णीय अभियंते देणारे विद्यापीठ… त्याच्या वाट्याचे दोन अब्ज डॉलर कुठे अडले?

अमेरिकेत कृष्णवर्णीय अभियांत्रिकी पदवीधर सर्वाधिक संख्येने घडवणारी संस्था हार्वर्ड किंवा एमआयटी नव्हे, तर ग्रीन्सबरो शहरातील ‘नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी’ हे सरकारी विद्यापीठ आहे. १४ हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या या विद्यापीठाचा जन्म मात्र वर्णभेदातून झाला.

स्थापना का झाली?

अमेरिकी काँग्रेसने १८६२ मध्ये मॉरिल कायदा करून शेती आणि यांत्रिकी शिक्षणाच्या महाविद्यालयांसाठी राज्यांना सरकारी जमिनी दिल्या. ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आयोवातील अशाच महाविद्यालयात शिकले. दक्षिणेतील राज्यांत मात्र ही दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांपुढे अट ठेवली : प्रवेशात वर्ण पाहू नका, नाहीतर कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढा आणि निधीची न्याय्य वाटणी करा. नॉर्थ कॅरोलिनाने दुसरा मार्ग निवडला. १८९१ मध्ये या महाविद्यालयाला कायदेशीर मान्यता मिळाली. रॅलेमध्ये सुरू झालेले वर्ग १८९३ मध्ये ग्रीन्सबरोला हलले.

१ फेब्रुवारी १९६० रोजी काय घडले?

एझेल ब्लेअर ज्युनिअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे प्रथम वर्षाचे चार विद्यार्थी शहरातील वूलवर्थ दुकानात गेले. टूथपेस्ट आणि किरकोळ वस्तू घेतल्या. दुकानाने पैसे घेतले. मग ते तिथल्याच खाद्यपदार्थांच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली. ती नाकारण्यात आली, कारण तिथे फक्त गोऱ्यांनाच बसता येत असे. चौघे दुकान बंद होईपर्यंत जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. शेजारच्या बेनेट महाविद्यालयातील विद्यार्थिनीही सामील झाल्या. काही आठवड्यांत हे आंदोलन दक्षिणेतील अनेक शहरांत पोहोचले. २५ जुलैला वूलवर्थने काउंटर सर्वांसाठी खुला केला.

विद्यापीठाने काय दिले?

नागरी हक्क चळवळीतील नेते जेसी जॅक्सन येथलेच. १९७१ मध्ये येथून भौतिकशास्त्राची पदवी घेतलेले रोनाल्ड मॅकनेअर पुढे अंतराळवीर झाले. १९८६ च्या ‘चॅलेंजर’ दुर्घटनेत त्यांचा मृत्यू झाला. अभियांत्रिकी विभागाच्या इमारतीला त्यांचे नाव आहे.

मग निधीचा वाद काय?

स्वतंत्र महाविद्यालये निघाली, पण न्याय्य वाटणीची अट कागदावरच राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. १८९० च्या कायद्याखालील कृष्णवर्णीय विद्यापीठांना त्याच राज्यांतील मूळ गोऱ्यांसाठीच्या संस्थांच्या तुलनेत तीन दशकांत १२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाल्याचा हिशेब त्यांनी मांडला. यासाठी दोन्हीकडील प्रतिविद्यार्थी राज्य निधीची तुलना करण्यात आली. एकट्या ए अँड टीच्या वाट्याची तूट दोन अब्ज डॉलरहून जास्त आहे.

याचा अर्थ काय?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला दोन अब्ज डॉलर म्हणजे काय, ते सांगावे लागत नाही. प्रयोगशाळा, यंत्रे, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या आणि संशोधन यांतले काय काय उभे राहू शकले नाही, याचा तो आकडा आहे. ही भरपाई करणे राज्यांच्या विधिमंडळांच्या हाती आहे; मंत्र्यांच्या पत्राने पैसे मिळत नाहीत. काउंटर सहा महिन्यांत खुला झाला, १८९० च्या कायद्यातली न्याय्य वाटणी मात्र अजून बाकी आहे.